मानेवरची सरळ रेघ

"वस्तादकाका, खोका रिकामा आहे!"

हाक मास्तरांच्या लेकीची होती. वस्ताद तेव्हा आपल्या बंद सलूनमध्ये आरसे पुसत होते. चार महिने खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं नव्हतं, तरी आरसा रोज पुसायचा हा त्यांचा नेम. हातातलं फडकं न ठेवताच ते अनवाणी बाहेर धावले.

शेजारीच सोसायटीचं ऑफिस. दार सताड उघडं. आत पुठ्ठ्याचा मोठा खोका, आणि लेक दोन्ही हातांनी त्याची झाकणं धरून आत बघत होती. पुन्हा पुन्हा बघितलं तर काहीतरी दिसेल, अशी तिची नजर होती.

खोक्यात ऑक्सिजनचं मशीन असायला हवं होतं. हवेतून ऑक्सिजन गाळून नळीनं नाकापर्यंत पोचवणारं, खाली चाकं असलेलं, टेबलाखाली मावेल एवढं. टाळेबंदी लांबत गेली तेव्हा बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी मिळून ते आणलं होतं. वेळ काही सांगून येत नाही, असू दे घरात, म्हणून.

आणि आज वेळ आली होती. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर, आसपासच्या निम्म्या पोरांना चित्रकला शिकवलेला माणूस, सहा दिवस तापानं पडून होते. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मीटर लावलं. आकडा पंच्याऐंशी. चौऱ्याण्णवच्या खाली गेला की घाबरायचं, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

"अँब्युलन्स?" वस्तादांनी विचारलं.

"सात वेळा फोन केला काका. बेड नाही म्हणतात. संध्याकाळपर्यंत बघतो म्हणाले."

सकाळचे अकरा वाजत होते. संध्याकाळ फार लांब होती.

सेक्रेटरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते. तोंडावर मास्क, मास्कवर प्लॅस्टिकची काच, हातात रबरी मोजे आणि फवाऱ्याची बाटली. शाळा तपासनीस म्हणून नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाला, पण तपासणी काही सुटली नाही. बिल्डिंगमध्ये कोण कोणाच्या दारात किती मिनिटं उभं राहिलं, हे ते नोटीस बोर्डावर नावानिशी लावत.

"कुलूप तुटलं होतं?" वस्तादांनी विचारलं.

"छे. मीच उघडलं आत्ता. व्यवस्थित होतं."

"चाव्या किती?"

"एकच. ती इथे." त्यांनी गळ्यातली सुतळी वर ओढली. टोकाला चावी. "ती माझ्या गळ्यातून निघत नाही. झोपेतसुद्धा नाही."

"मशीन शेवटचं कधी बघितलंत?"

"बारा दिवसांपूर्वी. गेट सील करायला पालिकेचे लोक आले होते तेव्हा त्यांना खोक्यातून काढून दाखवलं. मीच परत आत ठेवलं, मीच कुलूप लावलं. त्यानंतर दर रविवारी येऊन खोक्यावर फवारा मारतोय."

"खोका उचलून बघितलात कधी?"

"उचलायचा कशाला? जितकं कमी हाताळू तितकं बरं."

म्हणजे रिकाम्या खोक्याला हे गृहस्थ दर रविवारी न्हाऊ घालत होते. एरवी वस्ताद हसले असते.

"तुमच्या दुकानाची आणि या ऑफिसची भिंत एकच आहे, वस्ताद," सेक्रेटरी सावकाश म्हणाले. "तळमजल्यावरची मंडळी क्वारंटाइन सेंटरला गेल्यापासून इथे खाली तुमच्याशिवाय कोणी नाही. हे मला लिहावं लागेल."

"खुशाल लिहा. भिंतीतून मशीन नेता येत असतं तर चार महिन्यांत दोनचार गिऱ्हाईकंही आणली असती." वस्ताद बोलले खरे, पण कानशिलं तापली. सव्वीस वर्षं या बिल्डिंगची डोकी त्यांनी हाताखालून घातली होती, आणि आज पहिला संशय त्यांच्यावरच आला होता. "दुकान बघून घ्या, खोलीही बघा. पण आधी हिच्या बापाचं बघा."

लेकीनं दोघांकडे बघितलं. "भांडू नका ना. बाबांना बोलताही येत नाहीये."

एक गोष्ट सरळ होती. बारा दिवस गेटला पत्रे ठोकलेले, बाहेर पोलीस. सुई बाहेर गेली नव्हती, मग मशीन कुठून जाणार? ते याच चार भिंतींत होतं. माणसं असलेली घरंही मोजकीच: पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी एकटे, दुसऱ्यावर सिस्टर आणि समोर शिवणबाई, तिसऱ्यावर मास्तर आणि समोर प्रोफेसर. बाकीच्यांनी टाळेबंदी लागायच्या आधीच आपापलं गाव गाठलं होतं.

"पाच घरं आहेत. अर्ध्या तासात बघून होतील," वस्ताद म्हणाले.

त्यांचं वाक्य संपायच्या आत वरून आवाज आला. प्रोफेसर कठड्यावरून वाकले होते. "माझ्या घरात कोणी पाऊल टाकायचं नाही! आई दमेकरी आहे. तुम्ही काय घेऊन याल, काय सांगावं?"

सेक्रेटरींनाही ते पटलं. "कोणी कोणाच्या घरात जायचं नाही, हा नियम आहे. आणीबाणीतच नियम पाळायचे असतात. प्रत्येकानं आपापलं घर स्वतः तपासावं आणि दारात उभं राहून निकाल सांगावा."

चोरानं स्वतःच्या घराची झडती घ्यायची आणि स्वतःच निकाल सांगायचा! चार महिन्यांपूर्वी या तोडग्याला सगळी बिल्डिंग पोट धरून हसली असती. आज सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या दाराआड गेले. दुसऱ्याच्या घराची भीती आता माणसाच्या जिवापेक्षा मोठी झाली होती.

वस्ताद जिना चढू लागले.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींनी दोन मिनिटांत निकाल दिला. "नाही."

दुसऱ्या मजल्यावर सिस्टर दारातच होत्या. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली, पाठीवर पांढरी वेणी सोडलेली बाई. कपाळावर आठ्यांचं जाळं.

"माझ्याकडे असतं तर मास्तरांच्या नाकाला लावलं नसतं का मी?"

"मशीन चालवता कोणाकोणाला येतं, सिस्टर?"

"सगळ्यांना. आणलं त्या दिवशी याच जिन्यात दाखवलं होतं मी. मोबाईल चालवता येतो त्याला हे येतं."

समोरच्या दारात शिवणबाई उभ्या होत्या. गळ्यात मोजपट्टी, बोटात अंगठी असावी तसं शिवणाचं टोपण. नवरा दूरच्या शहरात कामाला आणि तिकडेच अडकलेला. घरी त्या आणि सासू. टाळेबंदीत त्यांच्या हातचा मास्क बिल्डिंगमधल्या प्रत्येक तोंडावर होता, आणि त्यांच्या शिलाई मशीनची घरघर दिवसभर जिन्यात घुमत असे. आताही आतून घरघर येत होती.

"बघितलं मी सगळं," त्या खाली बघत म्हणाल्या. "नाही आमच्याकडे. घरात आहोत कोण? मी आणि सासूबाई. त्यांना तर समोरचं माणूस ओळखू येत नाही, मशीन कुठून आणणार?"

"बारा दिवसांत तुमच्याकडे कोणी आलं होतं?"

"मास्क न्यायला येतात. दाराबाहेरूनच."

"आणि तुम्ही कोणाकडे?"

"कोणाकडे नाही."

तिसऱ्या मजल्यावर प्रोफेसर. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली चड्डी. ऑनलाइन वर्ग मध्येच सोडून आले होते. विद्यार्थ्यांना कमरेवरचा माणूस दिसतो, कमरेखालच्याची काळजी कोण करतो?

"तुमच्या आईला दमा आहे," वस्ताद म्हणाले. "राग मानू नका. पण असं मशीन जवळ असावं असं सगळ्यात आधी तुम्हालाच वाटणार."

प्रोफेसर लाल झाले. "वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पण चावी त्या खालच्या खडूसाच्या गळ्यात. तो कोणाला जवळ येऊ देतो का? कुणाचा वारा लागला तरी चाळीस मिनिटं आंघोळ करतो. सगळ्या बिल्डिंगचं पाणी संपवतो एकटा!"

समोरच्या दारातून लेक बाहेर आली. तिनं हातातलं मीटर पुढे धरलं. "त्र्याऐंशी," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग एकदम उठून कठड्याशी गेली आणि जिन्यात ओरडली, "कोणी घेतलं असेल तर द्या ना हो! मी नाव विचारणार नाही. नुसतं जिन्यात आणून ठेवा, मी डोळे मिटून घेते!"

जिन्यात फक्त ती घरघर होती.

वस्ताद तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी खाली बघितलं. सगळे आपापल्या मजल्यावर, कोणी दारात, कोणी कठड्याला टेकून होते. चार महिने वस्तादांनी या माणसांचे फक्त मास्क बघितले होते. आज वरून त्यांना डोकी दिसली.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी वाकून कठड्यावर फवारा मारत होते. चेहऱ्यावरच्या काचेचा पट्टा डोक्यामागून गेलेला, त्याखाली मान. आणि त्या मानेवर केसांची कड होती, कापडाची कड असते तशी सरळ.

वस्तादांनी शेजारी उभ्या प्रोफेसरांच्या मानेकडे बघितलं. तीच सरळ रेघ. फक्त थोडी जुनी, खाली लव वाढलेली.

आधी त्यांना राग आला. नियम म्हणून त्यांनी चार महिने कात्रीला हात लावला नव्हता. दोनदा प्रोफेसर गुपचूप विचारायला आले होते, दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले होते. उपास त्यांनी काढायचा आणि इथे पंगती उठत होत्या! पण राग ओसरायच्या आत त्याच्या मागून दुसरी गोष्ट डोक्यात शिरली, आणि मग रागाला वेळच उरला नाही.

"सगळे आहात तिथेच थांबा," ते मोठ्यानं म्हणाले. "प्रोफेसर, केस कोणी कापले?"

"हा काय प्रश्न झाला? मीच. व्हिडिओ बघून."

"आणि साहेब, तुमचे?"

खालून काचेआडून उत्तर आलं. "मीच. दोन आरसे लावून. इथे माणूस मरतोय आणि तुम्हाला धंदा सुचतोय?"

"माणूस मरतोय म्हणूनच विचारतोय." वस्ताद एकेक पायरी उतरू लागले. "साहेब, मी सव्वीस वर्षं कात्री चालवतोय. मला माझ्या स्वतःच्या मानेवर सरळ रेघ मारता येत नाही. तुम्हाला पहिल्या फटक्यात जमली?"

सेक्रेटरींनी फवाऱ्याची बाटली खाली ठेवली.

"आणि ती रेघ न्हाव्याची नाही. आम्ही कंगव्यावर केस घेऊन थोडे थोडे कापतो, कड विरत नेतो. तुमचे केस चिमटीत ताणून धरलेत आणि लांब पात्याच्या कात्रीनं एका दमात कापलेत. सोडल्यावर ते वर चढलेत, पायरी पडलीय. असं कोण कापतं? जो कापड कापतो तो. तुमचीही तशीच, प्रोफेसर. दोघांच्या मानेवर एकच हात आहे."

प्रोफेसर आधी फुटले. "हो, शिवणबाईंनी कापले. तीन आठवडे झाले. याच जिन्यात स्टुलावर बसवून. ऑनलाइन वर्गात पोरं हसायला लागली होती हो! पण ते... साहेबांनी पण?"

"साहेबांचे तुमच्यानंतर," वस्ताद म्हणाले. "रेघेखाली लव फुटलीय ती बघून सांगतो, दहा-बारा दिवस. म्हणजे गेट सील झाल्यावर. खरं की नाही, साहेब?"

सगळा जिना सेक्रेटरींकडे बघत होता. ज्या माणसानं प्रोफेसरांचं नाव सिस्टरशी चार मिनिटं बोलले म्हणून बोर्डावर लावलं होतं, त्याची पाचावर धारण बसली होती.

"अकरा दिवस," ते अगदी हळू म्हणाले. "आरशात बघवत नव्हतं. माझ्या मागच्या गॅलरीत कापले. मास्क लावून. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान..." प्रोफेसर पुटपुटले.

"ते नंतर," वस्तादांनी त्यांना थांबवलं. ते आता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आले होते. "साहेब, माझ्या खुर्चीत बसणारा माणूस सगळ्यात आधी काय करतो? गळ्यातलं काढतो. माळ, चेन, ओळखपत्र, काय असेल ते. गळ्याला कापड गुंडाळायचं असतं ना. तुमच्या गळ्यात सुतळी होती. काढलीत?"

सेक्रेटरींचा हात आपोआप छातीवर गेला.

"काढली," ते म्हणाले. "गॅलरीच्या खिळ्याला अडकवली."

"केस कापून झाल्यावर तुम्ही काय केलंत?"

"आंघोळ."

"किती वेळ?"

सेक्रेटरींनी वर प्रोफेसरांकडे बघितलं.

"चाळीस मिनिटं," वस्ताद म्हणाले. "त्या चाळीस मिनिटांत चावी खिळ्याला होती आणि तुम्ही बाथरूममध्ये. चावी घ्यायची, खाली जायचं, मशीन कपड्यांच्या गाठोड्यात घालून वर आणायचं, कुलूप लावायचं, चावी परत खिळ्याला. तुम्ही बाहेर आलात तेव्हा सगळं जिथल्या तिथे. आणि तुम्ही हे कोणाला सांगणार नाही, याचीही तिला खात्री होती. केस कापून घेतले हेच तुम्हाला लपवायचं होतं."

सगळ्यांच्या नजरा शिवणबाईंकडे वळल्या. त्यांनी मोजपट्टी दोन्ही मुठींत धरली होती.

"केस कापले म्हणून मी चोर झाले का?" त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "चावी खिळ्याला होती तर कोणीही घेईल. मी घरातलं सगळं बघून सांगितलं ना, नाही म्हणून?"

"सांगितलंत. दारात उभं राहून सांगितलंत. अजूनही दारातच उभ्या आहात." वस्ताद त्यांच्यासमोर तीन पायऱ्यांवर थांबले. "मग आत शिवतंय कोण?"

कोणाला काही कळलं नाही. वस्तादांनी तोंडावर बोट ठेवलं.

घरघर येत होती. सगळ्यांच्या कानाखालचा, रोजचा, कोणी कान देऊन न ऐकलेला आवाज. घरात कोंडलेल्या माणसांनी चार महिन्यांत शेजाऱ्याचे इतके आवाज ऐकले होते की आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"सासूबाईंना समोरचं माणूस ओळखू येत नाही, हे तुम्हीच म्हणालात. तुमच्या मशीनची मोटर पायानं बटण दाबल्याशिवाय फिरत नाही. आणि शिवणारा माणूस थांबतो. कापड वळवतो, दोरा तोडतो, पुन्हा सुरू करतो. मी अकरापासून या जिन्यात आहे. हा आवाज एकदाही थांबलेला नाही."

सिस्टर आपल्या दारातून दोन पावलं पुढे आल्या. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं. घरघरीच्या आत, दर चार-पाच सेकंदांनी, दबकी फुस्स येत होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर तेच आहे. इतके दिवस माझ्या समोरच्या दारात!"

शिवणबाई उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. बराच वेळ धरून ठेवलेलं ओझं खाली ठेवल्यावर माणूस बसतो तशा बसल्या.

"हे आलेत," त्या म्हणाल्या. "गेट सील झालं त्याच दिवशी, पहाटे, पत्रे ठोकायच्या आधी. आठ दिवस चालत आले. अंगात ताप, श्वास पुरत नव्हता. तळमजल्यावरच्यांना कसं नेलं ते बघितलं होतं मी. बाहेरून आलेल्याला सेंटरला पाठवायचं, साहेबांनीच नोटीस लावली होती. तिकडे नेलेला माणूस परत दिसेल की नाही, कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला, केस कापायला येता का म्हणून. मला वाटलं, देवच बोलला."

"आणि नंतर?" सेक्रेटरींनी खालून विचारलं. "परत ठेवता आलं असतं."

"चावी तुमच्या गळ्यात! तुमचे केस पुन्हा वाढल्याशिवाय ती खाली कशी येणार?"

कोणालाच हसू आलं नाही.

लेक वरून धडधडत उतरली. शिवणबाईंसमोर येऊन थांबली. "वहिनी, मी मघाशी ओरडत होते. तुम्ही ऐकत होतात."

"ऐकत होते."

"बाबांनी तुमच्या शिवणकामाची पाटी रंगवून दिली होती. त्यांचा जीव चाललाय हे ऐकत तुम्ही गप्प उभ्या राहिलात?"

"माझ्या माणसाचं नाकातलं काढून तुला कशी देऊ गं?" शिवणबाई ओरडल्या. "तूच सांग. तू दिलं असतंस?"



तेवढ्यात दार आतून उघडलं. वाळलेला, दाढी वाढलेला एक माणूस चौकटीला धरून उभा होता. नाकातली नळी त्यानं काढून हातात घेतली होती.

"मशीनच्या आवाजात मला सगळं ऐकू आलं नाही," तो बायकोकडे बघत म्हणाला. "पण तू तर म्हणाली होतीस, सोसायटीनं दिलंय. सेक्रेटरींनी स्वतः पाठवलंय."

शिवणबाईंनी पदरानं तोंड झाकलं.

सिस्टर पुढे झाल्या. बारा दिवसांत, किंबहुना चार महिन्यांत, त्या दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पहिल्यांदाच न विचारता चढल्या. त्याच्या बोटाला मीटर लावून घड्याळाकडे बघत राहिल्या. एक मिनिट. दोन. पाच.

"मशीनशिवाय त्र्याण्णव," त्या म्हणाल्या. "पालथं झोपा, बोलू नका, मी दर अर्ध्या तासानं बघते. तुमचं आत्ता निभेल. वरच्यांचं निभणार नाही."

"न्या," तो म्हणाला.

मशीन जड होतं आणि जिना अरुंद. वस्तादांनी एक बाजू धरली. दुसरी बाजू कोण धरणार? प्रोफेसर आपल्या आईच्या दाराकडे बघत मागे सरले. मग पहिल्या मजल्यावरून पावलं वाजली. सेक्रेटरी वर येत होते. जिना चढताना तोंडावरची काच धुरकट झाली तशी त्यांनी ती काढून जिन्यातच टाकली, आणि आजारी माणसाच्या घरातून निघालेल्या त्या मशीनला छातीशी कवटाळून उचललं.

"तोल सांभाळा, वस्ताद," ते म्हणाले. "आणि मघाचं... ते मी लिहिणार नाही."

"लिहा ना. न्हाव्यानं पकडलं असंही लिहा."

मास्तरांच्या पलंगाशी मशीन सुरू झालं तेव्हा आकडा ब्याऐंशी होता. लेक बापाचा हात धरून बसली होती. बाकीचे दाराबाहेर थांबले होते, आणि या खेपेला कोणी कोणापासून किती लांब आहे हे कोणी मोजत नव्हतं. पंधरा मिनिटांनी सिस्टर म्हणाल्या, "सत्त्याऐंशी." आणखी पाऊण तासानं म्हणाल्या, "एक्क्याण्णव." मास्तरांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

अँब्युलन्स साडेपाचला आली. गेटचे पत्रे उचकटून मास्तरांना नेलं. बेड मिळाला होता, ऑक्सिजनसकट. सोबत कोणाला येता येणार नाही म्हणाले. लेक गाडी वळेपर्यंत गेटशी उभी राहिली.

मग ती वर गेली. तिसऱ्या मजल्यावरून काहीतरी घसटत, आपटत खाली येण्याचा आवाज आला, तसे वस्ताद मदतीला धावले. तिनं मानेनं नको म्हटलं. एकेक पायरी करत तिनं एकटीनं मशीन दुसऱ्या मजल्यावर उतरवलं. शिवणबाईंच्या दारात सिस्टर बसल्या होत्या. त्यांच्या हातातल्या मीटरवर नव्वद होतं.

शिवणबाई उठून उभ्या राहिल्या. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"माफी मागू नका, वहिनी," लेक म्हणाली. "मी माफ केलेलं नाही. बाबा परत आले तरी करेन की नाही, माहीत नाही. प्लग कुठे आहे ते सांगा."

शिवणबाईंनी पलंगामागे बोट दाखवलं. लेक आत गेली, भिंतीशी गुडघे टेकून बसली आणि तिनं बटण दाबलं.